बेव्हर्लीतल्या शेजारच्या आजी, त्यांचा पत्र्याचा डबा आणि 'फ्रीमन' पूर्वज

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी, इंग्लंडच्या जुन्या गावांच्या इतिहासातलं कोणाला कळत असेल तर जरा मदत करा.

आम्ही चार वर्षं झाली बेव्हर्लीत राहतोय. ईस्ट यॉर्कशरमधलं बाजाराचं गाव, मुख्य चौकाचं नावच सॅटर्डे मार्केट आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला वेन्सडे मार्केट. गावाला लागून वेस्टवूड नावाचं भलंमोठं माळरान आहे, वर एक काळी पवनचक्की उभी आहे (नुसता बुंधा, पाती कधीच गेली), आणि उन्हाळ्यात तिथे गायी मोकळ्या सोडलेल्या असतात. रस्त्याच्या मधोमध येऊन रवंथ करत उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंच्या गाड्या निमूट थांबतात. पहिल्या वर्षी मला वाटलं कोणाच्यातरी सुटून आल्यात, शेजारच्या आजींना सांगायला गेले तर त्या हसल्या, म्हणाल्या त्या फ्रीमेनच्या गायी, त्यांचा हक्क आहे, तूच बाजूने जा.

तर या आजी, ऐंशी पार, एकट्या राहतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून दाखवला, तुझे डोळे बरे आहेत तू वाच म्हणून. आत तीन गोष्टी:

एक चामड्यासारखा जाड कागद, १७८९ सालचा, वरची कड सरळ नाही तर नागमोडी कापलेली. मला वाटलं उंदराने कुरतडलाय. कोपऱ्यात निळसर कागदाचा तुकडा डकवलाय आणि त्यावर उठावाचा शिक्का, बोट फिरवलं की अजून लागतो. एका पोराला सात वर्षांसाठी 'कॉर्डवेनर'कडे ठेवलंय एवढं समजलं. आजींची समजूत अशी की तो दोरखंड वळणारा होता.

दुसरी एक चिठ्ठी, त्यांच्या भाच्याने कधीतरी जुन्या रजिस्टरमधून उतरवून आणलेली: त्या पोराचे तीन मुलगे जुलै १८३० मध्ये एकाच दिवशी फ्रीमन झाले. वयं ३२, २७ आणि २२. मधला आजींचा पूर्वज. थोरला तर लंडनला सुतारकाम करत होता म्हणे.

तिसरी गोष्ट आजींच्या वडिलांचं फ्रीमन झाल्याचं सर्टिफिकेट, १९५० च्या आसपासचं.

आता माझे प्रश्न. फ्रीमन म्हणजे आधी गुलाम होते आणि सुटले असं काही आहे का? आजींना ते विचारायची हिंमत झाली नाही. तिघं भाऊ एकाच दिवशी का, थोरला बत्तीस वर्षांचा होईपर्यंत काय करत होता? आणि आजींना भाऊ होता पण लहानपणीच गेला, त्यामुळे त्या म्हणतात आमच्याकडचं फ्रीमनपण वडिलांबरोबर संपलं. खरंच संपलं का?

गोंधळी

फ्रीमन म्हणजे ते गुप्त हस्तांदोलनवाले ना? अंधाऱ्या खोलीत ॲप्रन लावून बसतात ते? आजींना जपून राहा हो ताई 😀

आजोबांचा चष्मा

@गोंधळी ते फ्रीमेसन. नावात 'फ्री' आहे म्हणून सगळे एकाच पंगतीत बसवू नका. 😀

तळटीप

खारीबिस्कीट ताई, डबा जपून ठेवायला सांगा आजींना, सोन्याचा आहे. एकेक सांगतो, लांबण लागेल.

गुलामाचा संबंध नाही, निदान तुमच्या कागदांच्या काळात तरी अजिबात नाही. फार मागे गेलात, बाराव्या-तेराव्या शतकात, तर जमीनदाराच्या ताब्यातला कूळ-मजूर पळून सनदी गावात येऊन वर्ष आणि एक दिवस राहिला तर मोकळा होतो असा नियम होता, तिथे 'फ्री' या शब्दाला तो अर्थ आहे. पण नंतर गावचा फ्रीमन म्हणजे गावच्या हक्कांचा वाटेकरी. आपल्याकडे मिरासदार आणि उपरी म्हणायचे ना, तसंच काहीसं, फक्त हे शेतीचं नाही तर धंद्याचं. फ्रीमन असेल त्यालाच गावात दुकान मांडता येई, कारागिरी करता येई, शिकाऊ पोरं ठेवता येत. बाकी सगळे 'फॉरेनर', म्हणजे परदेशातले नाही हां, चार मैलांवरच्या खेड्यातला माणूस पण फॉरेनरच. त्याने बाजाराच्या दिवशी यायचं, टोल भरायचा, माल विकायचा आणि संध्याकाळी परत जायचं. बेव्हर्लीवाल्यांना तर बाराव्या शतकातल्या सनदेने सबंध यॉर्कशरभर टोलमाफी होती. त्या काळात प्रत्येक पुलावर, प्रत्येक बाजारात, प्रत्येक वेशीवर कोणीतरी हात पसरून उभा, तेव्हा टोलमाफी म्हणजे धंद्यात सरळ सरळ नफा.

वेस्टवूडचं म्हणाल तर ते गावचं गायरान. १३८० मध्ये यॉर्कचे आर्चबिशप अलेक्झांडर नेव्हिल यांनी गावकऱ्यांना दिलं. तुम्ही ज्या गायींना वाट देता त्यांचा हक्क साडेसहाशे वर्षांच्या घरात आलाय, त्यामुळे हॉर्न मारायचा प्रश्नच येत नाही.

फ्रीमन व्हायचे मुख्य रस्ते तीन. एक वारशाने, बाप फ्रीमन असला की मुलगा एकविसाव्या वर्षानंतर जाऊन मागू शकतो. दोन, फ्रीमनकडे सात वर्षं अप्रेंटिसी करून. तीन, रोख पैसे मोजून. काही गावांत चौथा पण होता, फ्रीमनच्या मुलीशी किंवा विधवेशी लग्न करून, ब्रिस्टलमध्ये चालायचं ते. म्हणजे मुलीला स्वतःला हक्क नाही पण ती नवऱ्याला तो आणून देऊ शकते. हुंड्यात काय काय देतील याचा नेम नाही.

तुमचा नागमोडी कागद म्हणजे दुसऱ्या रस्त्याचा. उंदीर बिचारा निर्दोष आहे. एकाच चामड्यावर तोच करार दोनदा लिहायचा, मधून वेडावाकडा कापायचा, एक भाग मालकाकडे एक पोराच्या घरच्यांकडे. पुढे भांडण झालं तर दोन्ही तुकडे जोडून बघायचे, दात जुळले तर खरा. त्या दातांवरूनच त्याला इंडेंचर म्हणतात. मजकूर ठरलेला असतो, सगळीकडे जवळजवळ सारखाच: मालकाची गुपितं फोडणार नाही, दारूच्या गुत्त्यात जाणार नाही, पत्ते-फासे खेळणार नाही, मुदतीत लग्न करणार नाही. चौदा वर्षांच्या पोराकडून हे सगळं लिहून घ्यायचे. बदल्यात मालकाने खायला, राहायला, कपडे आणि धंद्याचं शिक्षण द्यायचं.

निळा तुकडा आणि उठावाचा शिक्का म्हणजे स्टँप ड्युटी. १७१० पासून अप्रेंटिसच्या करारावर कर होता, पोराच्या घरच्यांनी मालकाला जी रक्कम दिली तिच्यावर, ५० पौंडांपर्यंत पौंडाला ६ पेन्स आणि त्याच्या वर पौंडाला १ शिलिंग. त्या कराची रजिस्टरं लंडनला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये १८११ पर्यंतची आहेत, त्यात मालकाचं नाव, धंदा, गाव आणि पोराचं नाव असतं. १७८९ चा करार आहे म्हणजे सापडायला हरकत नाही.

आणि कॉर्डवेनर म्हणजे दोरखंडवाला नाही, जोडे शिवणारा. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या चामड्यावरून आलेला शब्द आहे. जुने जोडे दुरुस्त करणारा तो कॉब्लर, नव्या चामड्याचे नवे जोडे करणारा कॉर्डवेनर, आणि कॉर्डवेनरला कॉब्लर म्हटलेलं अजिबात खपत नसे. बेव्हर्लीत चामडं कमवायचा धंदा जुना, तेव्हा जोडेवाले असणारच.

खारीबिस्कीट

बापरे तळटीप, धन्यवाद! आत्ताच पलीकडे जाऊन आजींना सांगून आले. दोरखंडाचं ऐकून त्या जरा हिरमुसल्या, बहुतेक इतकी वर्षं जहाजं वगैरे डोक्यात होती. पण कागदाचे दात त्यांनी पुन्हा पुन्हा हात लावून बघितले. पत्ते खेळायचे नाहीत हे वाक्य सापडलं आम्हाला! अगदी शेवटून चौथ्या ओळीत.

पण तीन भावांचं काय?

यॉर्ककर

तीन भावांचं उत्तर रजिस्टरमध्ये शोधू नका, कॅलेंडरमध्ये शोधा.

२६ जून १८३० ला राजा चौथा जॉर्ज वारला. त्या काळी कायदाच असा होता की राजा गेला की सहा महिन्यांच्या आत पार्लमेंट बरखास्त करून निवडणूक घ्यायची (१८६७ मध्ये हा नियम काढला). २४ जुलैला पार्लमेंट बरखास्त झालं आणि महिनाअखेरपासून मतदान सुरू. आता सांगा, तिघं भाऊ जुलै १८३० मध्ये टाऊन क्लार्कच्या (नगरपालिकेच्या मुख्य कारकुनाच्या) टेबलासमोर का उभे होते?

बेव्हर्लीतून दोन खासदार जायचे आणि १८३२ पर्यंत मत फक्त फ्रीमेनना. घर आहे का, जमीन आहे का, कर भरता का, कोणी विचारत नव्हतं. चपला शिवणारा फ्रीमन असेल तर त्याला मत, आणि त्याच गल्लीतला पैसेवाला डॉक्टर फ्रीमन नसेल तर त्याला नाही. आणि मतदान उघड. सगळ्या गावासमोर ओट्यावर चढायचं, नाव सांगायचं, कोणाला मत ते मोठ्याने सांगायचं, कारकून लिहून घेणार. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. म्हणजे मत विकत घेणाऱ्याला माल पोचल्याची पावती जागेवरच मिळायची.

म्हणून इंग्लंडच्या कुठल्याही फ्रीमनवाल्या गावाची रजिस्टरं बघा, दोन-तीन वर्षं तुरळक नावं आणि निवडणूक लागली की एकदम रीघ. हक्क एकविसाव्या वर्षीच मिळालेला असतो पण नाव घालायला फी लागते, कोण कशाला आपणहून भरेल? निवडणूक आली की उमेदवाराचा माणूस येऊन म्हणतो चल, फी आमची, जेवणखाण आमचं. थोरला लंडनला बसलेला, सुतारकामाला फ्रीमनपणाचा तिथे काय उपयोग, बेव्हर्लीच्या गायरानात त्याची गाय थोडीच चरणार होती. पण त्याचं मत मात्र बेव्हर्लीतच होतं. बाहेरगावच्या मतदारांना आणायचा खर्च उमेदवार करायचे, लंडनहून पावणेदोनशे मैल, बेव्हर्लीला रेल्वे आली १८४६ मध्ये, म्हणजे हे गडी एकतर घोड्यांच्या कोचमधून नाहीतर बोटीने हलपर्यंत आलेले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला फुकट घरी आणला असेल.

वंशावळ काढणारे बरेच लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं पूर्वज बत्तीसाव्या वर्षी फ्रीमन झाला म्हणजे तेव्हा तो मोठा झाला, गावाने त्याला मान दिला. मोठा वगैरे काही नाही, राजा मेला.

पुस्तकी किडा

@यॉर्ककर एक शंका. निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या फ्रीमेनना मत देता येऊ नये म्हणून कायदा झाला होता ना, बारा महिन्यांचा? मग जुलैमध्ये नाव घालून ऑगस्टमध्ये मत कसं देणार?

यॉर्ककर

बरोबर शंका आहे. तो १७६३ चा कायदा, डरहम ॲक्ट म्हणतात. १७६१ च्या डरहमच्या निवडणुकीत तिथल्या नगरपालिकेने आपल्या माणसाला जिंकवायला शेकड्यांनी नवे फ्रीमेन बनवले, लोक त्यांना मशरूम म्हणायला लागले, रात्रीत उगवलेले म्हणून. त्यावर पार्लमेंटने नियम केला की बारा महिन्यांच्या आत झालेल्या फ्रीमनला मत नाही. पण त्यात सूट होती: वारशाने, अप्रेंटिसीने किंवा लग्नाने हक्क असलेल्यांना हा नियम लागू नाही, कारण तो त्यांचा आधीपासूनचा हक्क, नगरपालिकेची मेहरबानी नव्हे. हे तिघं फ्रीमनचे मुलगे, वारशातले, त्यामुळे आज नाव आणि उद्या मत.

तळटीप

यॉर्ककरांना +१. आणि वयांचा हिशोब पण जमतो बघा. बापाचा करार १७८९ चा, सात वर्षं म्हणजे १७९६ ला सुटला आणि फ्रीमन झाला असणार. बऱ्याच गावांत नियम असा असायचा की बाप फ्रीमन झाल्यानंतर जन्मलेल्या मुलालाच वारसा, आधीच्याला नाही. थोरला १७९८ चा. दोन वर्षांनी वाचला 😀 (लग्न करणार नाही हे कलम पाळलं म्हणायचं!)

आडवाटेचा

अवांतर आहे पण लिहितोच. तुमच्या बेव्हर्लीवाल्यांनी टेबलासमोर उभं राहून शपथ घेतली आणि झाले फ्रीमन, नॉर्थंबरलंडमधल्या ॲनिकला (लिहितात अल्निकसारखं, उच्चार ॲनिक) असं सोपं नव्हतं. तिथे २५ एप्रिलला, सेंट मार्कच्या दिवशी, नव्या फ्रीमेननी घोड्यावर बसून गावच्या मूरवर (म्हणजे माळरानावर) जायचं, पांढरे कपडे घालायचे आणि एका चिखलाच्या डबक्यातून आरपार जायचं. डबकं आधीच मुद्दाम ढवळून ठेवलेलं. पलीकडे निघाल्यावर कपडे बदलून मूरच्या हद्दीला घोड्यावरून फेरी आणि मग गावात परत. ज्याच्या घरी नवा फ्रीमन त्याच्या दारासमोर हॉलीचं झाड आणून लावायचे, म्हणजे मित्रमंडळींना कुठे जमायचं ते कळावं.

गोष्ट अशी सांगतात की किंग जॉन तिथून जाताना दलदलीत पडला, रस्ता नीट ठेवला नाही म्हणून चिडला आणि म्हणाला यापुढे तुमचा प्रत्येक फ्रीमन यातूनच जाईल. खरं असेल असं मला वाटत नाही, बहुतेक हद्दीच्या फेरीतलं कुठलंतरी डबकं आणि त्याला नंतर राजा चिकटवला. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत खरोखर करायचे लोक. बापाने केलं म्हणून मुलाने करायचं, आणि कडेला उभं राहून हसणाऱ्यांत गेल्या वर्षी भिजलेलाच सगळ्यात पुढे असणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

गोंधळी

आमच्या कॉलेजच्या रॅगिंगला उगाच नावं ठेवत होतो आपण.

आजोबांचा चष्मा

१८३० नंतरचं मी सांगतो कारण खरी गंमत तिथे आहे, आणि आजींच्या घरात फ्रीमनपण १९५० पर्यंत टिकलं कसं त्याचं उत्तर पण तिथेच.

दोनच वर्षांनी १८३२ चा रिफॉर्म ॲक्ट. वर्षाला १० पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मत मिळालं. जुन्या फ्रीमेनचं मत काढलं नाही पण अट घातली: गावापासून ७ मैलांच्या आत राहत असाल तरच. लंडनच्या थोरल्याचं मत तिथेच संपलं. त्यामुळे ताई, थोरल्याची शाखा बेव्हर्लीच्या कागदांतून १८३२ नंतर गायब झाली तर तो वारला असं समजू नका. त्याचा फक्त उपयोग संपला.

मग १८३५ चा म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट, १७८ गावांना लागू. पैसे देऊन किंवा मेहरबानीने फ्रीमन व्हायचा रस्ता बंद. गावात धंदा करायला फ्रीमन असायची गरज संपली, कोणीही दुकान टाकावं. म्हणजे धंद्याची मक्तेदारी गेली. पण जुन्या फ्रीमेनची, त्यांच्या बायकामुलांची मिळकत आणि हक्क राखून ठेवले आणि टाऊन क्लार्कने फ्रीमेनची वेगळी यादी ठेवायची असं ठरलं. बहुतेक गावांत मग राहिलं काय? गायरान. जिथे गायरान होतं तिथे फ्रीमेन टिकले, जिथे नव्हतं तिथे पोरांनी नाव घालायचं सोडून दिलं. न्यूकॅसलचं टाऊन मूर बघा, भर शहरात गायी. बेव्हर्लीने तर १८३६ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा करून घेतला, गायरानं सांभाळायला दरवर्षी फ्रीमेननी आपल्यातले १२ पाश्चर मास्टर्स निवडायचे. ते अजून निवडले जातात. वेस्टवूडबरोबर स्वाइनमूर आणि फिगम ही गावची बाकीची गायरानं पण त्यांच्याचकडे.

आणि मत राहिलेल्यांनी काय केलं म्हणाल तर तेच जे आधी करत होते, मतं विकली. १८६८ च्या निवडणुकीत अँथनी ट्रोलप, कादंबऱ्या लिहिणारा, तो लिबरलांकडून बेव्हर्लीत उभा राहिला आणि चौघांत चौथा आला. निकालावर अर्ज झाला, निवडणूक रद्द, मग रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसलं, साक्षी झाल्या, आणि १८७० मध्ये पार्लमेंटने कायदा करून बेव्हर्लीची खासदारकीच काढून घेतली. सफकमधल्या सडबरीची तर आधीच १८४४ मध्ये याच कारणाने गेली होती. तिथेही फ्रीमेन, तिथेही गायरान. लाच घेणारे होते म्हणून त्यांना नुसतं वाईट म्हणायला माझं मन धजत नाही, जोडे शिवून जेमतेम पोट भरणाऱ्याला चार-पाच वर्षांतून एकदा कोणीतरी विचारतंय, तो नाही कशाला म्हणेल. पण देणारे कोण होते हे पण लिहिलं पाहिजे, ते सगळे सभ्य गृहस्थ.

निवांतक्षण

या धाग्यावरून कळलं की मोठमोठ्या लोकांना जो फ्रीडम ऑफ द सिटी देतात तो वेगळा. मी समजत होते क्रिकेटपटूला दिला की त्यालाही गाय चारता येते.

आजोबांचा चष्मा

तो मानाचा, त्याचा कायदा १८८५ चा. गाय नाही, मत नाही, गुंडाळलेला कागद आणि फोटो.

खारीबिस्कीट

मंडळी, अपडेट! उशीर झाला कारण मधे आजी पडल्या (काही मोडलं नाही, नुसता मुका मार). बरं वाटल्यावर त्यांना घेऊन इथल्या ट्रेझर हाऊसमध्ये गेले, ईस्ट रायडिंगचं आर्काइव्ह तिथेच आहे. तिथल्या बाईंनी फार प्रेमाने मदत केली, आजींना उंच खुर्ची आणून दिली, कागदाखाली फोमची उशी ठेवून दिली.

यॉर्ककर म्हणाले ना कारकून मतं लिहून घ्यायचा, त्या मतांच्या नोंदीचं पोल बुक पण बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी हाताने लिहिलेलं वहीसारखं असेल, हे तर छापील निघालं! नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि पुढे कोणाला मत, सगळं छापून विकायचे! कोणी कोणाला मत दिलं हे शेजाऱ्याने विकत घेऊन वाचायचं. आजी हे ऐकून एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या टेबलावरच्या काकांनी वर बघितलं.

तिघंही सापडले. दोघं बेव्हर्लीतले आणि थोरला बाहेरगावच्यांत, लंडनच्या यादीत. प्रत्येकाला दोन मतं होती ना, कारण दोन खासदार. धाकट्याने एकच मत दिलंय आणि दुसरं वापरलंच नाही, हे काय असतं? आणि मधल्याने, म्हणजे आजींच्या खापरपणजोबांनी की काय ते, एक मत एका बाजूच्याला दिलंय आणि दुसरं बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूच्याला. मी त्या बाईंना विचारलं चुकून छापलं असेल का, त्या म्हणाल्या नाही नाही, असे पुष्कळ असायचे.

आजी थोडा वेळ त्या ओळीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, दोन्हीकडून घेतले. माझे वडील पण असेच होते, दोन्ही चर्चच्या जत्रेत जेवून यायचे.

यॉर्ककर

आजींना माझा नमस्कार सांगा 😀

एकच मत देणं म्हणजे प्लंपर. दुसरं मत दिलं की ते आपल्याच माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला मदत करणार, म्हणून दुसरं हातातच ठेवायचं. उमेदवाराच्या दृष्टीने प्लंपर म्हणजे जास्त किमतीचा माल. धाकटा एकतर पक्का निष्ठावान होता नाहीतर मधल्यापेक्षा चांगला सौदा करणारा. नुसत्या पोल बुकावरून दोन्ही सारखंच दिसतं.

पुढच्या-मागच्या निवडणुकांची पण बघा. बाप हयात असेल तर त्याची मतं कुठे गेली ते कळेल. तीन-चार पोल बुकं शेजारी ठेवली की जनगणनेत मिळत नाही एवढं घर दिसतं, कोण कधी कुठे राहायला गेला, कोणी धंदा बदलला, कोण बापाशी भांडला. जनगणनेत घरातली सगळी नावं यायला लागली १८४१ पासून, त्याच्या आधीच्या गरीब माणसाचा एवढा माग इंग्लंडमध्ये क्वचितच लागतो, आणि लागतो तो फक्त त्याच्या मताला भाव होता म्हणून.

तळटीप

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच की सगळ्यांच्या गप्पांत. आजींचं फ्रीमनपण संपलं का?

शेकडो वर्षं ते मुलग्यांचंच होतं. विधवेला गायरानाचा, धंदा चालवायचा हक्क बऱ्याच ठिकाणी मिळे पण तो नवऱ्याच्या नावाने. यॉर्कच्या मध्ययुगीन यादीत काही बायका स्वतःच्या नावाने आहेत, पण ते विरळाच. १८३५ च्या कायद्याने सगळं जसंच्या तसं गोठवलं आणि १९७२ च्या कायद्याने पण तेच पुढे नेलं, त्यामुळे बाकी जग बदललं तरी हे तसंच. शेवटी २००९ च्या लोकल डेमॉक्रसी वगैरे लांबलचक नावाच्या कायद्यात एक कलम घातलं: जिथे फ्रीमनच्या मुलाला हक्क आहे तिथे मुलीलाही तसाच.

आता वंशाच्या बाबतीत मुख्य गोष्ट ही की पणजोबा फ्रीमन होते म्हणून चालत नाही, प्रत्येक पिढीने आपलं नाव घातलेलं असावं लागतं. मधे एकाने आळस केला की साखळी तुटली. आजींचे वडील स्वतः यादीत आहेत, सर्टिफिकेट हातात आहे. जन्माचा दाखला आणि ते सर्टिफिकेट घेऊन चौकशी करायला काय हरकत आहे. बेव्हर्लीचे आपले काही खास नियम असतील तर तिथेच सांगतील.

निवांतक्षण

अगं बाई! म्हणजे आजी स्वतः होऊ शकतील?

गोंधळी

आजी पाश्चर मास्टरला उभ्या राहिल्या तर आपलं सगळ्यांचं मत त्यांना. प्लंपर.

खारीबिस्कीट

आत्ता सांगून आले त्यांना. आधी विश्वासच बसेना, मग पहिला प्रश्न विचारला, गाय घ्यावी लागेल का? म्हटलं नाही हो आजी, हक्क आहे, सक्ती नाही. मग म्हणाल्या या वयात कशाला, लोक हसतील. मी काही बोलले नाही. चहा झाला, मी निघाले, तर दारात थांबवून म्हणाल्या जन्माचा दाखला वरच्या खोलीतल्या कपाटात आहे, सगळ्यात वरच्या फळीवर, माझा हात पोचत नाही.

स्टूल घेऊन उद्या सकाळी जातेय. काय होतं ते कळवते.